तात्यांचं बोट

मागच्या रविवारी आमच्या वस्तीच्या पोरांनी गावच्या टीमला हरवलं. आठ ओव्हरची मॅच, टेनिसचा बॉल, कप नाही, ढाल नाही. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात चहा पाजायचा, एवढीच पैज. तीन रननी जिंकलो.

ह्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. अत्याचाराच्या बातम्या रोज येताहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, गायरानाच्या केसेस चालू आहेत, आणि हा गडी अंकाची मोजकी पानं चेंडूफळीवर खर्च करायला निघालाय. कबूल. पण मित्रहो, रविवारी रात्री मला झोप आली नाही. कुणाला मारलं म्हणून नाही, कुणी जाळलं म्हणून नाही. आनंदानं आली नाही. आमच्या वस्तीत रात्र जागवायला आनंद सहसा येत नाही. दुःखाची झडती आपण सगळ्यांनी घेतली. कवितेत घेतली, कथेत घेतली, आत्मकथनात घेतली. आनंदाची कुणी घेतली नाही. तो खरा कसला होता? सुडाचा? माणूसपणाचा? का नुसताच माकडउड्यांचा? सोमवारी कामावर जाताना हेच डोक्यात फिरत होतं.

आधी मैदान सांगतो. गावाच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या देवळामागं गायरानाचा एक सपाट तुकडा आहे. एका बाजूला देवळाचा दगडी कट्टा, दुसऱ्या बाजूला ओढा. ह्या मैदानाचे काही नियम आहेत. एल.बी. नाही. ओढ्यात चेंडू गेला की मारणारा औट, कारण चेंडू वाहून जातो आणि नवा आणायला पैसे पडतात. आणि देवळाच्या आवारात चेंडू गेला की दोन रन, पळायचं नाही.

हा दोनचा नियम कसा झाला ते ऐका. पूर्वी असा नियम नव्हता. पूर्वी चेंडू आवारात गेला आणि फिल्डिंगला आम्ही असलो, की आमचं पोरगं कट्ट्यापाशी येऊन थांबायचं. आत येऊ नको म्हणून कुणी पाटी लावलेली नाही. अस्पृश्यता संविधानानं 1950 सालीच गाडली, 1955 साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला. पण पोरगं थांबायचं. पायाला माहीत असतं कुठं थांबायचं ते. मग देवळातलं कुणी पोर येऊन चेंडू बाहेर फेकणार, तोवर ते दोघं बॅट्समन पळतच. चार, पाच, सहा. मग भांडण. एकदा डोकं फुटेपर्यंत गेलं, तेव्हा शाळेतल्या एका मास्तरांनी तोडगा काढला : दोन रन, विषय संपला. नियम दोन्ही टीमला सारखा. आज तो नियम कागदावर लिहून तुमच्या हातात दिला तर त्यात तुम्हाला जात कुठंच दिसणार नाही. एकदम स्वच्छ नियम! समानतेचा नियम! पण तो नियम जातीच्या पोटातूनच बाहेर पडलाय, हे मैदानावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

कुणी म्हणेल, तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला देवळाशी काय करायचंय? काही नाही. 1930 साली काळारामाच्या दारात बाबासाहेबांनी सत्याग्रह केला तोसुद्धा रामाच्या दर्शनासाठी आसुसून नव्हे. देवाशी आमचं काम नाही. चेंडूशी आहे. चेंडू आमच्या वर्गणीतला आहे.

आणि चेंडू उचलणं ही साधी गोष्ट आहे असं समजू नका. जून 2023 मध्ये गुजरातच्या पाटण जिल्ह्यात, काकोशी गावात मॅच चालू होती. बघायला आलेल्या एका दलित पोरानं जवळ आलेला चेंडू उचलला. पोरांची सवय असते, उचलतात. त्यावरून शिवीगाळ, जातीवरून बोलणं, आणि जाब विचारला म्हणून त्याच दिवशी त्या घरातल्या एका माणसावर हत्यारं चालली. त्याचा अंगठा तोडला. अंगठाच! एकलव्याची गोष्ट आपण भाषणात इतकी वापरतो की तिची धार गेलीय असं मला वाटायचं. त्या दिवशी पेपर वाचताना माझा स्वतःचा अंगठा मी मुठीत धरून बसलो होतो.

तर अशा ह्या देशात, अशा मैदानावर, आमची पोरं जिंकली.

आता मॅच. अंपायर दोन : एक त्यांचा, एक आमचा. दोघं दोन टोकांना, मॅचभर. आमचे अंपायर म्हणजे तात्या. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर होते. चेकिंगला कधी एक तिकीट कमी निघालं नाही की सुटे पैसे जास्त निघाले नाहीत. क्रिकेट त्यांना फार कळतं असं नाही, पण रेघ कळते. मी स्कोअर लिहायला होतो. मला खेळता येत नाही, पण अक्षर बरं आहे.

पहिली बॅटिंग आमची. आमचा ओपनर हाणत होता. तेवीसवर होता आणि सहावी ओव्हर चालू होती. एक चोरटी रन घ्यायला पळाला, लाँगवरून फेक आली ती थेट स्टंपाला. तात्या त्याच टोकाला. बॅट रेघेच्या एक वीत अलीकडं. एक वीत म्हणजे आमच्या बाजूनं उभ्या असलेल्या कुणालाही न दिसण्याइतकीच, किंवा दिसूनही न दिसल्यासारखं करता येण्याइतकी. त्यांची पोरं ओरडली. तात्यांनी बोट वर केलं.

आमच्या बाजूला काय गोंधळ उडाला! "तात्या, आवं आपला हाय त्यो!" "म्हातारं फुटलं काय?" ओपनर तर बॅट आपटत आला आणि म्हणाला, "त्यांचा अंपायर त्यांच्या माणसाला कधी देतो का औट? तुमालाच लई सत्यवान व्हायचंय." तात्या काही बोलले नाहीत. पुढच्या बॉलला बाजूला सरकून उभे राहिले.

आमचे झाले सत्तावन्न. तो औट झाला नसता तर सत्तर झाले असते.

त्या पोराचं म्हणणं उडवून लावू नका. मी दोन दिवस त्याच्याशीच मनात भांडतोय. त्याचं म्हणणं असं : ज्यांनी हजारो वर्षं प्रत्येक खेळ बेइमानीनं खेळला, विहिरीचा, जमिनीचा, शाळेचा, सातबाऱ्याचा, त्यांच्याशी एका वितीचा हिशोब करणारे आपण कोण? त्यांचं कर्ज आपल्यावर आहे का आपलं त्यांच्यावर? आणि नीतीचं ओझं नेहमी आपल्याच डोक्यावर का? पूर्वी मेलेली ढोरं ओढायची, आता नीती ओढायची! गावात भांडण झालं की गावकरी आपल्यालाच येऊन सांगतात, 'तुम्ही समजूतदारपणा दाखवा.' समजूतदारपणाची वतनदारी आमच्याकडंच कशी आली? ह्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. ज्याच्याकडं सोपं उत्तर आहे त्यानं बहुतेक कधी मार खाल्लेला नाही.

मी आधी स्वतःला असं पटवलं की तात्यांनी केलं ते बरोबर, कारण उद्या गावातले म्हणायला नकोत, 'ह्यांना फुकटच पाहिजे असतं, इथंही फुकटची रन.' कॉलेजात, ऑफिसात हे टोमणे आपण ऐकतो. पण हे कारण मनाला पटेना. ते म्हणतील म्हणून नीट वागायचं, म्हणजे पुन्हा त्यांच्याच सर्टिफिकिटासाठी रांगेत उभं राहायचं. हे तर जोहाराचंच नवं रूप झालं. असला प्रामाणिकपणा मला नको. त्यापेक्षा तो ओपनर परवडला, तो निदान उघड भांडतो.

मग सोमवारी संध्याकाळी तात्यांनाच विचारलं. ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. म्हणालो, "तात्या, का दिलात औट?" माझ्याकडं असं बघितलं, जसं बिनतिकिटाच्या पॅसेंजरकडं बघत असतील. म्हणाले, "औट व्हता म्हणून."

एवढंच. गावाचं नाव नाही, जातीचं नाव नाही, इतिहास नाही. माझ्या सगळ्या चर्चेत 'ते' होते. ते काय म्हणतील, त्यांनी काय केलं, त्यांच्याशी कसं वागावं. तात्यांच्या वाक्यात 'ते' नव्हतेच. रेघ होती आणि बॅट होती.

थांबा, ही गोष्ट अजून संपली नाही. त्यांची बॅटिंग झाली. शेवटच्या ओव्हरला सात रन पाहिजेत, आणि स्ट्राइकवर पाटलाचा नातू. पोरगा खेळतो चांगला, ते नाकारून चालणार नाही. शहरात कोचिंग घेतलंय, स्वतःची बॅट आहे, हातात ग्लव्ह्ज. बॉलिंगला आमचा डावखुरा. पहिला बॉल चुकला. दुसऱ्या बॉलला टप्पा पडून बाहेर निघाला, बॅटची कड घेतली का नाही घेतली, आणि कीपरच्या हातात. पोरं ओरडली. मला आवाज आला, पण माझ्या कानावर मी विश्वास ठेवणार नाही. माझे कान आमच्या बाजूचे आहेत. तात्यांनी बोट वर केलं.

पाटलाचा नातू हलला नाही. बॅटकडं बघितलं, मग तात्यांकडं. कट्ट्यावर त्यांची चाळीस-पन्नास माणसं. सगळं मैदान गप. मित्रहो, तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यापुढून काय काय गेलं. काठ्या, दगड, पोलीस स्टेशन, एफ.आय.आर. घ्यायला नकार, वस्तीवर बहिष्कार, किराणा बंद, पीठगिरणी बंद. तुम्हाला हे वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर तुम्ही आपल्या गावात मॅच खेळून बघा.

आणि मग तो बॅट काखेत मारून चालायला लागला. गेला.

राहिलेल्या चार बॉलमध्ये त्यांना तीनच रन निघाल्या.

माझी रात्रीची झोप उडाली ती तीन रननी नव्हे. हे मला सोमवारी कळलं. ती उडाली त्या चालत जाण्यानं. गावात अशी दुसरी कुठली जागा आहे, जिथं आमच्या म्हाताऱ्यानं बोट वर केलं आणि पाटलाचं पोर मान खाली घालून निघून गेलं? ग्रामपंचायतीत? तिथं आमचा मेंबर राखीव जागेवरून येतो आणि सही करतो. सोसायटीत? जत्रेच्या मीटिंगमध्ये? आमच्या बोटाचे आजवर दोनच उपयोग गावाला माहीत होते. पूर्वी कागदावर अंगठा उठवायला आणि आता मतदानाला शाई लावायला. निवाडा द्यायला हे बोट कधी वर झालं नव्हतं. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणात आपण समान होणार आणि समाजात विषम राहणार, आणि हा विरोध फार काळ चालू देऊ नका. तो विरोध चालूच आहे. त्या मैदानावर, त्या अर्ध्या मिनिटापुरता तो थांबला होता. आनंद त्याचा होता. मारल्याचा नव्हता. आपला शब्द मानला गेला, त्याचा होता.

तो का गेला? मी त्याला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. ओपनर म्हणतो, त्यांच्या अंपायरनंही मान हलवली म्हणून गेला. कीपर म्हणतो, आवाजच एवढा मोठा होता की काय करील? मला वाटतं की दोन तासांपूर्वी त्याच बोटानं आमचाच माणूस घालवलेला त्यानं डोळ्यांनी बघितला होता. हे सिद्ध करता येणार नाही. आणि सिद्ध झालंच तर आपला उपदेशक मोकळा सुटेल : बघा, प्रामाणिकपणाचं फळ मिळतं! तसं काही नाही. दहा गावांत हेच बोट वर झालं असतं तर चार गावांत तोडलं गेलं असतं. काकोशी विसरू नका. मी एवढंच म्हणतो की एक वीत खाल्ली असती, तर ते बोट ओपनरचं झालं असतं, टीमचं झालं असतं, वस्तीचं झालं असतं. निवाड्याचं राहिलं नसतं. मग सत्तर रन करून आम्ही जिंकलो असतो, पण पाटलाच्या नातवाला चालायला लावलं असतं ते गर्दीनं, बोटानं नव्हे.

जिंकून काय हातात येतं, ह्याचा विचार करताना मला पळवणकर बाळू आठवतात. आपल्या नव्या पोरांना हे नाव माहीत असायला पाहिजे. चांभार समाजात 1876 साली जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी लावायचा. डावखुरा फिरकी बॉलर. ग्रेग नावाचा कॅप्टन त्याच्याकडून तासन्तास बॉलिंग करून घ्यायचा. बाळूंनीच पुढं सांगितल्याचं नमूद आहे की त्या क्लबात शेकडो तास बॉलिंग केली, पण बॅट एकदाही हातात दिली नाही. हे वाक्य मी वाचलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो. बॉलिंग म्हणजे राबणं. बॅटिंग म्हणजे मालकी. क्रिकेटची वर्णव्यवस्था एका वाक्यात!

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू टीममध्ये आले. चेंडू शिवायला परवानगी, माणसाला शिवायला नाही. पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा, जेवायला वेगळं पान. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 रननी हरवलं. त्यात बाळू होते, धाकटा भाऊ शिवरामही होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात एकट्या बाळूंनी 114 विकेटा काढल्या. आणि कप्तानी? कप्तानी मिळाली नाही. दरवेळी कुणी तरी दुसरा होता, वरचा होता. 1920 साली धाकट्या भावांनी जाहीर निषेध करून टीममधून अंग काढून घेतलं, तेव्हा कुठं बाळूंना उपकप्तान केलं. कप्तान झाला तो भाऊ विठ्ठल, 1923 साली. थोरल्याचा जन्म राबण्यात गेला, धाकट्याला खुर्ची मिळाली.

म्हणजे 1906 चा विजय कुणाचा? विकेटा बाळूंच्या, विजय हिंदूंचा. पुढं राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला राहिले. 1932 च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे, आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत बाबासाहेबांच्याच विरोधात उभं केलं. बाळू पडले. आपल्यातले काही जण ह्यावरून त्यांना मोडीत काढतात. मला ते जमत नाही. ज्या पॅव्हेलियननं आयुष्यभर बाहेर बसवलं, त्याच पॅव्हेलियननं शेवटी बॅट हातात दिली ती बाबासाहेबांवर मारायला, आणि तो माणूस ती घेऊन उतरला. ह्यात राग येण्यापेक्षा पोटात गोळा येतो. बोट वर करण्याचा हक्क ज्याला कधी दिला नाही, त्याचं बोट वापरलं गेलं.

इथपर्यंत लिहिलं आणि मला वाटलं, लेख झाला. आमची टीम आमची, कप्तान आमचा, अंपायर आमचा, विजय आमचा. बाळूंचं झालं ते आमचं झालं नाही. मग पेन खाली ठेवताना त्या डावखुऱ्याची आठवण झाली.

तो आमच्या वस्तीतला नाही. ओढ्यापलीकडं मातंगांची दहा-बारा घरं आहेत, तिथला आहे. चार वर्षं तो मैदानाच्या कडेला बसून आमची मॅच बघायचा. कुणी ये म्हटलं नाही. कुणी नको म्हटलं असंही नाही. (पाटी नव्हती!) मागच्या दिवाळीनंतर आम्ही गावच्या टीमशी लागोपाठ दोनदा हरलो, तेव्हा कीपर म्हणाला, "त्या मांगाच्या पोराला घ्या की, लई वळवतंय." घेतलं. त्याच्या हातानं रविवारची शेवटची ओव्हर पडली. 'जयभीम'च्या आरोळ्या झाल्या, कप्तानाला खांद्यावर घेतलं, ओपनरला खांद्यावर घेतलं. डावखुऱ्याला पाठीवर थापा मिळाल्या. चांगल्या जोरात मिळाल्या.

चहा त्यानं आमच्याबरोबर प्याला, त्याच कपात. एवढं आम्ही बाळूंच्या पुण्यापेक्षा पुढं आहोत. पण मी माझी स्कोअरची वही उघडून बघितली. त्यानं आमच्याकडून सात मॅच खेळल्यात. सातही मॅचमध्ये त्याचं नाव माझ्याच अक्षरात अकराव्या नंबरवर आहे. बॅट एकदाही हातात आली नाही. बाबासाहेब ज्याला चढत्या मानाची आणि उतरत्या अपमानाची उतरंड म्हणायचे, ती माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि लिहिणारा मी. जात मोडायच्या शिबिरात जाऊन आलेला मी! कप्तानाला बोललो तर म्हणाला, "त्याला बॅटिंग येत न्हाई." मी म्हणालो, "तुला कुठून कळलं?" तो गप्प. मीही गप्प, कारण मलाही माहीत नव्हतं.

आपल्या स्त्रियांचा विषय तर मी काढतच नाही. ओढ्यातला चेंडू धुणं सोडून कोण काढून देतं आणि स्कोअरला कुणाचं नाव लागतं, हे तुम्हीच आपल्या गावात बघा.

चहाचं मात्र सांगायचं राहिलं. पैजेप्रमाणं गावच्या टीमनं आम्हाला हॉटेलात चहा पाजायचा होता. ते आले नाहीत. त्यांच्यातल्या एकानं गाडीवर बसल्याबसल्या दोनशेची नोट आमच्या किटबॅगवर टाकली आणि म्हणाला, "तुमचं तुमी घ्या." गाडी गेली. पाटलाचा नातू मागच्या सीटवर होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही, किंवा बघितलं असेल, धूळ होती.

नोट घ्यावी का? पुन्हा वाद. कुणी म्हणालं फाडून टाका. कुणी म्हणालं ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटवा. हा बोलणारा आमचा कार्यकर्ता, त्याला प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करायचं असतं. तात्या म्हणाले, "पैज चहाची व्हती, पैशाची न्हाई. त्यांच्याकडं चहा बाकी हाय." नोट त्यांनी घडी करून वहीत ठेवायला मला दिली. आम्ही आपल्या पैशानं चहा घेतला. (त्या रात्री वडापावही झाले. त्याचे पैसे कुणी दिले हे मी चौकशी करूनही कळलेलं नाही. नोट अजून वहीत आहे, एवढं सांगतो.)

कोसलचा राजा प्रसेनजित आणि मगधचा अजातशत्रू ह्यांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या लढाईत प्रसेनजित हरला. तेव्हा भगवान बुद्ध म्हणाले की जयातून वैर जन्मतं आणि हरलेला दुःखात झोपतो. दुसऱ्या लढाईत प्रसेनजित जिंकला, अजातशत्रू जिवंत हाती लागला, आणि प्रसेनजितनं त्याचं सैन्य काढून घेऊन त्याला जिवंत सोडला. आपले प्रवचनकार पहिला भाग सांगतात, जय-पराजय दोन्ही सोडा म्हणतात. ज्याला कधी जयच मिळाला नाही त्यानं सोडायचं काय? मला दुसरा भाग जास्त विचारात पाडतो. जिंकल्यावर हातात सापडलेल्याचं काय करायचं? पाटलाचा नातू आमच्या हातात सापडलेला नाही, तो गाडीवरून गेला. पण ओढ्यापलीकडचा डावखुरा आमच्या हातात आहे. त्याच्या बाबतीत आम्हीच प्रसेनजित, आम्हीच पुण्याचा क्लब.

काल रात्री विहारात पोरं जमली होती. येत्या रविवारी परतीची मॅच आहे, आता चहाची बाकी धरून दोन चहाची. यादी करायला कप्तानानं मला बसवलं. ओपनर एक, कीपर दोन, असं करत सहापर्यंत नावं झाली. डावखुरा दाराशी चपला काढून उभा होता. आत ये म्हणालो, तर आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. यादीकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "दादा, मी कितव्या नंबराला हाय?"

मी कप्तानाकडं बघितलं. कप्तान मोबाइलमध्ये बघत होता. म्हणाला, "बघू."

तात्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर केली, पण बोलले काही नाहीत. ते अंपायर आहेत, यादी त्यांच्याकडं नाही. यादी माझ्या खिशात आहे. सहापर्यंत नावं लिहिलेली आहेत, सातव्यापासून जागा मोकळी आहे, आणि सहा नावंही पेन्सिलीनं लिहिलेली आहेत.